वर्षभराच्या मैफली: गाण्याचे नव्हे, ऐकण्याच्या सोयीचे परीक्षण

सरलेल्या वर्षात पुणे, मुंबई आणि मिरज येथे हिंदुस्थानी रागसंगीताच्या ज्या मैफली मी ऐकल्या, त्यांचे हे परीक्षण आहे. मात्र ते गायक-वादकांचे नाही. कोणाचा यमन रंगला आणि कोणाची तान घसरली, हे सांगणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे कलाकारांची नावे मी येथे घेतलेली नाहीत. तिकीट काढून, कधी देणगी प्रवेशिका घेऊन, तर कधी ओळखीने जाऊन बसल्यावर श्रोत्याच्या कानापर्यंत नेमके काय पोहोचते, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पोहोचते, एवढेच मी वर्षभर तपासत होते. गवई कितीही तयारीचा असला तरी ध्वनिव्यवस्था आणि घड्याळ या दोघांपुढे त्याचे फारसे चालत नाही, या मतावर मी आता येऊन ठेपले आहे.

पुण्याच्या श्रोत्याचे सांगीतिक वर्ष डिसेंबरात सुरू होते. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला, आर्य संगीत प्रसारक मंडळाचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पूर्वी रमणबाग शाळेच्या पटांगणावर भरत असे; गेली काही वर्षे तो मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. ज्याने तो पाहिला नाही त्याला त्याचा आवाका सांगून कळणार नाही. पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या, दोन्ही बाजूंना मोठे पडदे, आणि दुपारी उन्हात टोपी घालून आलेली मंडळी रात्री स्वेटर व मफलर घालून बसतात ती शेवटच्या कलाकारापर्यंत. भारतीय बैठकीत जागा धरण्यासाठी आणलेल्या सतरंज्यांवरून दरवर्षी थोडे शाब्दिक युद्ध होते, तसे ते यंदाही झाले, आणि पहिल्या कलाकाराने षड्ज म्हणजे ‘सा’ लावताच मिटले. हजारो श्रोत्यांच्या मंडपात शेवटच्या रांगेतही बंदिशीचे शब्द स्वच्छ कळत होते, ही ध्वनिव्यवस्थेची फार मोठी कामगिरी म्हटली पाहिजे. एवढ्या विस्तारात तंबोऱ्याची आस, म्हणजे त्याचा रेंगाळणारा नाद, मात्र मागे येत नाही. ती पुढच्या दहा-पंधरा रांगांपुरतीच राहते, आणि त्यात दोष कोणाचा नाही. ज्याला तंबोरा ऐकायचा असेल त्याने लवकर येऊन खाली बसावे आणि गुडघ्यांची पर्वा करू नये.

या महोत्सवाची खरी गोष्ट घड्याळाची आहे. एके काळी येथे रात्र रात्र गाणे चालत असे आणि सांगता सकाळी होत असे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे २००० सालचे नियम आले, त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकाला बंदी झाली. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्री बारापर्यंत सवलत देता येते, आणि तशी सवलत महोत्सवाच्या वाट्याला एखाद्या दिवशीच येते. रुग्ण, परीक्षार्थी आणि लहान मुले यांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे, आणि गणपतीत ढोल-ताशांच्या व स्पीकरच्या भिंतींच्या आवाजाने बेजार झालेल्या पुणेकराने तर त्याविरुद्ध बोलूच नये. परंतु त्याचा रागांवर काय परिणाम झाला, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

दुपारी तीन-चारला सुरू होऊन रात्री दहाला संपणाऱ्या सत्रात भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती यांची चंगळ होते. त्यानंतर मारवा, पूरिया धनाश्री, श्री. मग यमन, शुद्ध कल्याण, भूप आणि कल्याणाचे सगळे गोत. आणि शेवटी बिहाग, बागेश्री, जयजयवंती, केदार. मुलतानी आजच्या श्रोत्याने मैफलीत जितका ऐकला असेल तितका त्याच्या आजोबांनी बहुधा ऐकला नसेल, कारण त्यांच्या मैफलीच रात्री जेवणानंतर सुरू होत. हा फायदा मान्य करूनही तोट्याची बाजू मोठी आहे. दरबारी कानडा आणि मालकंस हे दहाच्या आत कसेबसे उरकले जातात किंवा गायले जात नाहीत. नायकी कानडा, सोहनी, परज यांना मंचावर जागाच उरलेली नाही. आणि ललत, भटियार, तोडी यांच्यासाठी स्वतंत्र सकाळचे सत्र कोणी आखले तरच ते कानावर पडतात. तरुण गायकांच्या तालमीवर याचा परिणाम होणे अपरिहार्य आहे, कारण जे राग मंचावर मांडायला मिळत नाहीत ते घोटण्याचा उत्साह किती दिवस टिकणार? रागाची वेळ हा केवळ एक संकेत आहे, कर्नाटक संगीतात तो इतका काटेकोर पाळला जात नाही, असा युक्तिवाद माझ्या ऐकण्यात अनेकदा आला आहे. तो तर्काला धरून आहे. तरीही रात्री पावणेनऊला, बाहेर वडापावच्या गाड्यावर गर्दी असताना ऐकलेला मालकंस आणि मध्यरात्री ऐकलेला मालकंस यांत फरक पडतो, हे दोन्ही ऐकलेला कोणीही सांगेल.

येथे एक गोष्ट आयोजक फारशी लक्षात घेत नाहीत. हा नियम खुल्या जागेसाठी आहे. बंदिस्त सभागृहातील आवाज सभागृहातच राहत असेल, तर तेथे रात्री दहानंतरही गाता येते. मग नाट्यगृहांत रात्रीच्या मैफली का होत नाहीत? कारण नाट्यगृहे सत्रांनी आरक्षित होतात, रात्रीचे सत्र नाटकाच्या हिशेबाने आखलेले असते, वेळ उलटली की जादा भाडे चढते, आणि रखवालदार पावणेबारापासूनच किल्ल्या वाजवू लागतो. शिवाय साडेदहानंतर शहर बसची खात्री नसल्यामुळे वयस्कर श्रोते अस्वस्थ होतात. शेवटी तोच सहा ते साडेनऊचा चौकोन उरतो, आणि त्या चौकोनातील बहुमोल वेळ कसा वाया घालवता येतो याचा नमुना यंदा एका संध्याकाळी पाहायला मिळाला.

नाट्यगृह कोणते आणि संस्था कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. असा कार्यक्रम महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात होऊ शकतो, किंबहुना होतोच. पत्रिकेवर सहाची वेळ होती. साडेसहाला पाहुणे आले. दीपप्रज्वलनाच्या वेळी समईच्या वाती वातानुकूलनाच्या झोताने पुन्हा पुन्हा विझत होत्या, आणि यंत्रणा दोन मिनिटे बंद करावी असे मंचावरील सात मान्यवरांपैकी कोणालाही सुचले नाही. त्यानंतर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रायोजकांचे मनोगत, आणि प्रायोजकांच्या मनोगताबद्दल निवेदिकेचे मनोगत. प्रत्यक्ष गाणे सुरू झाले तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. गायिकेने विलंबित एकतालातील ख्याल घेतला. ज्या लयीत तालाचे एक आवर्तन जवळजवळ एक मिनिट चालते त्या लयीत राग उलगडायला अर्धा-पाऊण तास लागतो, परंतु तिची नजर मनगटाकडे जात होती, आणि बढत, म्हणजे रागाचा स्वरास्वराने होणारा विस्तार, वरच्या ‘सा’ला, तार षड्जाला, पोहोचण्यापूर्वीच द्रुत बंदीश सुरू झाली. त्या रागाचा उत्तरांग, म्हणजे सप्तकाचा वरचा अर्धा भाग, आम्ही त्या दिवशी ऐकलाच नाही म्हटले तरी चालेल.

ध्वनिव्यवस्थेने उरलेसुरले काम केले. कार्यक्रमापूर्वी तंत्रज्ञाने ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ असे तीन वेळा म्हटले आणि तो समाधानाने कन्सोलमागे जाऊन बसला. बोलण्याच्या आवाजावर तपासलेला माइक गाण्याला लागतोच असे नाही, ही साधी गोष्ट आहे. भाषणाला बरा वाटणारा इको गाण्यावर चढवला की मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याचा, बारीक धागा पुसला जातो, खटका आणि कण हे स्वरांचे छोटे अलंकार एकमेकांत मिसळतात, आणि द्रुत तानेतील स्वर सुटे न राहता त्यांचा लगदा होतो. तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीच्या स्पीकरमधून इतका वाढवलेला होता की त्याची मींड ऐकू न येता फक्त धक्का जाणवत होता, आणि लग्न-वरातीत बरा वाटणारा हा धक्का झपतालाच्या ठेक्यात सोसत नाही. गायिका आधी बोटाने, मग भुवईने, मग थेट शब्दांत सांगत होती: ‘मॉनिटर थोडा वाढवा, इको कमी करा.’ तंत्रज्ञ मान हलवत होता आणि मॉनिटरच वाढवत होता. येथेच गोम आहे. मंचावरील मॉनिटरमधून कलाकार स्वतःला ऐकतो, सभागृहातील स्पीकरमधून श्रोते त्याला ऐकतात, आणि या दोन्ही मिश्रणांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही. त्यामुळे मंचावर सगळे सुरळीत वाटत असताना सभागृहात कानठळ्या बसत असतात. उपाय खर्चिकही नाही. तंबोरे जुळवून, तबला मिळवून, कलाकाराने दहा मिनिटे प्रत्यक्ष गावे, आणि त्या वेळी गाण्याचा कान असलेल्या कोणीतरी आठव्या, पंधराव्या आणि शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकावे. सत्कारासाठी तासभर काढणाऱ्या संस्थेला एवढी दहा मिनिटे जड जाऊ नयेत.

वातानुकूलनाचाही एक त्रास असतो, तो श्रोत्यांपेक्षा वाद्यांना अधिक. हवेतील ओलावा कमी झाला की तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, ताणली जाऊन सूर चढतो, तंबोऱ्याच्या तारा सरकतात, आणि मंचामागच्या ग्रीन रूममध्ये कसोशीने मिळवलेली वाद्ये मंचावर पुन्हा मिळवावी लागतात. हातोडीचे ते ठोके ऐकून मागच्या रांगेत ‘अजून सुरू नाही का झाले?’ असे विचारणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण वाद्ये अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवली तर तो प्रश्न पडण्याची वेळ कमी वेळा येईल.

या पार्श्वभूमीवर मुंबईत नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातील टाटा थिएटर म्हणजे सुटीच होती. जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे हे सभागृह १९८० मध्ये उघडले. अमेरिकी वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी त्याची आखणी केली आणि ध्वनिशास्त्राची बाजू सिरिल हॅरिस यांनी सांभाळली. मंचाभोवती पंख्यासारखी पसरलेली आसने आणि कोनाकोनांत मोडलेले छत व भिंती ही सजावट नसून नाद सर्वत्र सारखा पसरावा यासाठी केलेली योजना आहे. मी ऐकलेल्या सतारवादनात ध्वनिवर्धक नाममात्र होता. आलापात नखी तारेवरून उचलल्यानंतर उरणारा नाद, मुख्य तारांखालच्या तरफांचे मागाहून उठणारे अस्फुट झंकारणे, आणि आलापानंतरच्या लयबद्ध जोडात डाव्या हाताने तार ओढून घेतलेल्या खेचेचा शेवट, हे सारे मधल्या रांगेत बसून ऐकता आले. लांबलेल्या खेचेनंतर वादक थांबले तेव्हा सभागृहातही कोणी खोकले नाही, आणि मुंबईच्या हवेत हे कमी आश्चर्य नव्हे. तक्रार करायचीच तर ती मुंबईच्या अंतरांविषयी करता येईल: डोंबिवली-वसईकडे परतणाऱ्या श्रोत्यांना ‘झाला’ हा वादनाचा शेवटचा वेगवान भाग सुरू होताच चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या गाड्या आठवू लागतात, आणि द्रुत गतीच्या ऐन भरात खुर्च्यांची खडखड सुरू होते.

मिरजेची गोष्ट निराळ्या धर्तीची आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले आणि मिरजेत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. येथे तिकीट नाही, क्रमांकित आसने नाहीत, आणि निवेदनाचा भारही नाही. गायक येथे ‘हजेरी लावायला’ येतो, आणि या भावनेने गाण्याची जात बदलते. श्रोत्यांत टोपी घातलेले, टिळा लावलेले, बाजार उरकून पिशव्यांसह आलेले असे सगळे असतात. नारळाचे, फुलांचे आणि अगरबत्तीचे वास एकमेकांत मिसळलेले असताना, उरुसातल्या पाळण्यांचा आवाज लांबून येत असताना, शांततेची अपेक्षा करणे चुकीचे. पण मला तेथे टाटा थिएटरइतकेच एकाग्र श्रोते भेटले. दाद मोठ्याने मिळते, आणि ती बहुतेक वेळा योग्य जागी मिळते.

मिरजेला गेले की सतारमेकर गल्लीत डोकावल्याशिवाय मी परत येत नाही. तेथील सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा कडू भोपळा वाळवून, त्याला लाकडी दांडी जोडून, लाखेने व नक्षीने सजवून तंबोरा उभा राहतो. पण त्याचा खरा जीव जवारीत, म्हणजे तार घोडीला हलकेच स्पर्शून गुंजावी यासाठी केलेल्या घासकामात, असतो. एक कारागीर तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने हलकेच घासत होता, तार छेडून ऐकत होता, पुन्हा घासत होता. नंतर तारेखाली सुती दोरा सरकवून त्याने नेमकी जागा शोधली, आणि तोपर्यंत ठणठणीत वाजणारी तार अचानक गुंजू लागली. त्या एका तारेतून गंधाराचा, म्हणजे ‘ग’ या स्वराचा, भास उमटेपर्यंत त्याने ती सोडली नाही. हे पाहून आल्यावर पुण्यातील अनेक मैफलींत मंचावर दोन देखणे तंबोरे शिष्यांच्या हाती असूनही स्पीकरमधून प्रत्यक्षात मोबाइलच्या ॲपमधला तंबोराच ऐकू येतो, तेव्हा चिडचिड होते. ॲप सुरात असते, थकत नाही, रियाजाला उत्तमही असते. तथापि मैफलीत मागे बसून छेडणाऱ्या शिष्याला गुरूच्या श्वासाप्रमाणे तंबोरा किंचित दबवता वा उचलता येतो, आणि ती संगत ॲपला जमत नाही. तंबोऱ्यासमोर एक वेगळा, चांगला माइक ठेवला की काम भागते. बऱ्याच आयोजकांकडे निवेदकासाठी दोन माइक असतात आणि तंबोऱ्यासाठी एकही नसतो.

दिवाळी पहाट हा महाराष्ट्राचा खास उपक्रम. परंतु रागसंगीताच्या श्रोत्याच्या दृष्टीने ती एक हुकलेली संधी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. वर्षातून एकदाच हजारो माणसे अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, नियमाने मुभा दिलेल्या वेळेला, सकाळी सहाच्या सुमारास, स्वखुशीने गाणे ऐकायला बसलेली असतात. ती वेळ नेमकी सकाळच्या रागांची असते. आणि मंचावरून येतात ती लोकप्रिय भावगीते, अभंग, नाट्यपदे आणि मध्येच चुटके. भावगीतांशी माझे वैर नाही, आणि फराळाआधी कोणी विलंबित तोडी ऐकत बसावे अशी सक्तीही नाही. पण पहिली वीस मिनिटे एखाद्या तरुण गायकाला भटियार किंवा अहिर भैरव मांडायला दिली, तर श्रोते उठून जातील ही भीती निराधार आहे. यंदा एका मध्यम आकाराच्या कार्यक्रमात, मुख्य गायक वाहतुकीत अडकल्यामुळे, त्यांच्या शिष्येला वेळ भरून काढण्यासाठी पुढे बसवण्यात आले. तिने ललत घेतला. शुद्ध व तीव्र हे दोन्ही मध्यम लागोपाठ येण्याची ती जागा आली तेव्हा माझ्या शेजारच्या, कपाळाला उटणे तसेच राहिलेल्या गृहस्थांनी ‘हे काय आहे हो?’ असे विचारले, आणि रागाचे नाव मोबाइलमध्ये लिहून घेतले. मुख्य गायक आल्यावर ललत अर्धवट थांबवावा लागला, तेव्हा ते गृहस्थ माझ्यापेक्षा अधिक नाराज दिसले.

वर्षातील माझी सर्वांत समाधानाची मैफल कोणत्याही महोत्सवात नव्हती. कोथरूडच्या एका घरात, दिवाणखान्यातील सोफे गॅलरीत हलवून, गाद्या घालून चाळीस-पन्नास श्रोत्यांसाठी रात्री साडेनऊला बैठक ठेवली होती. ध्वनिवर्धक नव्हता, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. तरी यजमानांनी वरच्या आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबांना आधी कल्पना दिली होती आणि त्यांतले निम्मे लोक श्रोते म्हणूनच आले होते. बागेश्रीनंतर थोडी विश्रांती झाली आणि पावणेबाराच्या सुमारास गायकांनी दरबारी सुरू केला. दरबारीचा गंधार नुसता कोमल नसतो, तो हळूहळू डोलत असतो, आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात तर आवाज इतका खाली जातो की मोठ्या स्पीकरमधून त्याची केवळ गुरगुर ऐकू येते. येथे तो गंधार, त्याचे आंदोलन, त्याआधी घेतलेला श्वास, सगळे स्वच्छ ऐकू येत होते. तबलजींनी वाजवण्याचा जोर आपणहून निम्म्यावर आणला, आणि एरवी ध्वनिव्यवस्थेच्या भरवशावर हरवणारा ठेक्याचा नाजूकपणा प्रथमच लक्षात आला. पेटीचा आवाज मात्र खोलीच्या मानाने चढत होता. मागची झडप थोडी लावून आणि भाता बेताने मारून संवादिनीवादकांनी तोही आटोक्यात आणला.

अशा बैठकीचे अर्थकारण नाजूक असते, आणि ते झाकून ठेवण्यात काही हशील नाही. दाराशी ठेवलेल्या पेटीत ज्याने त्याने आपल्या इच्छेनुसार पाकीट टाकायचे, कमी पडेल ते यजमानांनी घालायचे, असा सरळ व्यवहार होता. महोत्सवाच्या मानधनाशी त्याची बरोबरी होत नाही, म्हणून प्रथितयश कलाकारांकडून अशा बैठकांची अपेक्षा वरचेवर करता येणार नाही. पण तयारीच्या, पस्तिशी-चाळिशीच्या गायकांना आपले रात्रीचे राग पूर्ण मांडायला याहून चांगली जागा मिळणे कठीण. यजमानांची अट एकच होती, की साडेनऊनंतर दार लागेल आणि मध्येच उठून जाता येणार नाही. पुढची बैठक त्यांनी पहाटे साडेचारची ठरवली आहे, आणि गायकांना परज व ललत यांखेरीज दुसरे काही गाऊ नये असे बजावले आहे. नावे नोंदवून झाली तेव्हा यादीत विशी-पंचविशीतील मुले-मुलीच अधिक होती, आणि चहा साडेचारला द्यायचा की सहाला, एवढाच वाद शिल्लक होता.